नाकारलेल्या उत्तराची मजुरी

वय, शिक्षण, गाव, घरात कमावते किती, गाडी आहे का, गेल्या सहा महिन्यांत विमा काढला का, नात्यात कुणी जाहिरातीच्या धंद्यात आहे का. असे दहा-बारा प्रश्न झाले की मोबाइलच्या पडद्यावर एक नम्र वाक्य येते: क्षमस्व, या सर्वेक्षणासाठी आपण पात्र नाही. कधी कारण सांगतात, तुमच्या गटाचा कोटा भरला आहे म्हणून. बहुधा तेही सांगत नाहीत. ऑनलाइन सर्वेक्षणे भरून चार पैसे जोडू पाहणाऱ्याची गाठ वारंवार पडते ती याच वाक्याशी. ‘घरबसल्या कमवा’ शिकवणाऱ्या व्हिडिओंत मात्र ते दिसत नाही. तिथे जमा रकमेचे स्क्रीनशॉट असतात. या धंद्यातला फायदा कुणाचा, तोटा कुणाचा आणि त्यातून निघणाऱ्या आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा, हे समजून घ्यायचे तर सुरुवात त्या नकारापासून करायला हवी असे मला वाटते.

पैसे मिळतात का, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. मिळतात. साबणाचा नवा वास, बँकेच्या अ‍ॅपची नवी मांडणी, बिस्किटाच्या पुड्याचा रंग, निवडणुकीतला कल, असल्या गोष्टींवर लोकांचे मत विकत घेणारा धंदा जुना आहे आणि सरळ आहे. मुंबईत आयएमआरबीसारखी संस्था 1970च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे काम करत होती. तिची माणसे छापील प्रश्नावली घेऊन दारोदार जात. इंटरनेट आल्यावर दार ठोठावणे कमी झाले आणि पॅनेले आली. म्हणजे आधीच नाव नोंदवून ठेवलेल्या लाखो लोकांची यादी, जिच्यातून हवी ती माणसे गाळून घ्यायची. टोलुना, यूगव्ह ही त्यातली परिचित नावे. गूगलने 2013मध्ये ओपिनियन रिवॉर्ड्स सुरू केले. भारतात अँड्रॉइड फोनवर त्यातून मिळते ते प्ले स्टोअरमध्येच खर्चायचे क्रेडिट, आणि तेही वर्षभरात वापरावे लागते. इतर ठिकाणी पॉइंट्स साचतात, ठरलेला टप्पा गाठला की गिफ्ट व्हाउचर किंवा थोडी रोकड हाती पडते. टप्पा गाठेपर्यंत कंटाळून सोडून देणाऱ्यांचे पॉइंट्स बहुतेक ठिकाणी तसेच बुडतात. फोनचा रिचार्ज निघेल, महिन्याचा किराणा निघणार नाही, अशी ही कमाई आहे. एवढे कळल्यावर ज्यांना ती करायची आहे त्यांना नावे ठेवायचे काही कारण नाही.

अडचण रकमेच्या लहानपणात नाही, ती हिशेबाच्या पद्धतीत आहे. समजा, एका मोटार कंपनीला गेल्या सहा महिन्यांत नवी गाडी घेतलेल्या 500 जणांचे मत हवे आहे. पॅनेलमधल्या दहांपैकी एकानेच अशी गाडी घेतली आहे असे धरू. मग 500 पुऱ्या प्रश्नावल्यांसाठी 5,000 माणसांना आत घ्यावे लागते. कंपनी पैसे मोजते ते पुऱ्या झालेल्या 500 प्रश्नावल्यांचे. धंद्यात भाव ‘पर कम्प्लीट’ ठरतो. उरलेल्या 4,500 जणांनी तीन-तीन मिनिटे दिली तरी सव्वादोनशे तास होतात. हे तास ना कंपनीच्या खर्चात दिसतात, ना पॅनेलच्या. ते सोसतात 4,500 माणसे, प्रत्येकी इतके थोडे की तक्रार करायलाही लाज वाटावी. शिवाय बऱ्याच ठिकाणी बाद झालेल्या माणसाला घरी न पाठवता दुसऱ्या सर्वेक्षणाच्या दारात नेऊन उभे करतात. तिथे वय, शिक्षण, गाव पुन्हा पहिल्यापासून.

असल्या फुटकळ कामाचा बारकाईने हिशेब झाला तो अमेरिकेत. अ‍ॅमेझॉनने 2005मध्ये मेकॅनिकल टर्क नावाचा बाजार उघडला. चित्रे ओळखा, पावत्या टाइप करा, विद्यापीठांच्या प्रश्नावल्या भरा, अशी सुटी कामे तिथे मिळतात, आणि अमेरिकेखालोखाल तिथे काम करणारे सर्वाधिक लोक बराच काळ भारतातले होते. 2018मध्ये संशोधकांनी 2,676 कामगारांनी केलेल्या 38 लाख कामांच्या नोंदी तपासल्या. काम शोधण्यात गेलेला वेळ, अर्धवट सोडलेले काम, नाकारलेले काम हे सगळे धरल्यावर मध्यक कमाई तासाला दोन डॉलरच्या आसपास निघाली. अमेरिकेतले तेव्हाचे किमान वेतन सव्वासात डॉलर; त्याच्या वर पोचलेले कामगार फक्त चार टक्के. कामाचा जाहीर दर एवढा वाईट नव्हता. बिनपैशाची मिनिटे हिशेबात घेतली तेव्हा तो तिथवर घसरला. या बाजाराचा आणखी एक नियम असा की काम देणाऱ्याने काम नापसंत केले तर मजुरी द्यायची नाही, पण केलेले काम त्याच्याकडेच राहते.

हे वाचताना महाराष्ट्रातल्या माणसाला सोलापूर, सिन्नर, गोंदिया आठवायला हवे. घरी बसून, नगावर मजुरी घेऊन, बायकांनी करायचे काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, आणि त्यात सर्वांत मोठे बिडीचे. पाने आणि तंबाखू घरी न्यायची, वळलेल्या बिड्या कारखान्याच्या शाखेत आणून द्यायच्या. तिथला माणूस जुड्या तपासतो आणि खराब वाटलेल्या बिड्या बाजूला काढतो. त्यांना छाट म्हणतात. छाटीची मजुरी नाही, आणि छाट परतही मिळत नाही, ही बिडी कामगार बायकांची जुनी तक्रार. ती इतकी रास्त होती की 1966च्या बिडी व सिगार कामगार कायद्यात या वादाला जागा द्यावी लागली, आणि महाराष्ट्राच्या नियमांत चक्क मर्यादा घातली गेली: साधारणपणे शंभरात पाचाहून जास्त बिड्या नाकारता येणार नाहीत. कामगाराने जाणूनबुजून हयगय केली नसेल, तर नाकारलेल्या बिड्यांचीही अर्ध्या दराने मजुरी द्यायची. घरी काम करणाऱ्या बाईलाही हा नियम लागू. मालकमंडळी यावर भांडत सर्वोच्च न्यायालयात गेली. मंगळूर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात 1974मध्ये न्यायालयाने हे नियम उचलून धरले.

नियम प्रत्यक्षात किती पाळले गेले हा वेगळा, आणि फारसा सुखाचा नसलेला विषय आहे. पण कायदा करणाऱ्यांना एक गोष्ट पटलेली होती. नगावर मजुरी देणारा मालक नाकारण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवतो तेव्हा नाकारण्याचा खर्चही त्याच्यावर पडायला हवा; नाहीतर तो नाकारत सुटतो, कारण नाकारणे फुकट असते. आज मोबाइलवर सर्वेक्षण भरणाऱ्या बाईला शंभरातून साठ-सत्तर वेळा नाकारले तरी विचारणारे कुणी नाही. आणि बिडीची छाट निदान डोळ्यांना दिसे. बाद होण्याआधी दिलेले वय, उत्पन्न, घरातला आजार, गाडी असणे-नसणे, ही माहिती पॅनेलच्या नोंदीत राहू शकते, पुढच्या वेळी माणसे गाळायला वापरता येते. 2023च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने ती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे खरा. पाच रुपयांच्या व्हाउचरसाठी तो बजावायला कोण जाणार?

यावर उत्तर तयार असते. कुणी जबरदस्ती केली नाही, रिकामा वेळ होता, त्यात दोन पैसे मिळाले तर बिघडले काय? ‘रिकामा वेळ’ ही गोष्ट मला संशयास्पद वाटते. केंद्र सरकारच्या 2024च्या वेळ वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्याला दिवसाची सरासरी 289 मिनिटे देतात असे दिसले; ते करणारे पुरुष 88. पावणेपाच तासांहून जास्त काम उरकून, मुलांना झोपवून जी अर्धा तास फोन घेऊन बसते, तिचा तो अर्धा तास रिकामा नसतो. तो तिने विश्रांतीतून काढलेला असतो. तो कशावर घालवायचा हे तिने ठरवावे, यात वाद नाही. पण फावल्या वेळाला किंमत नसते अशी समजूत पसरवण्यात ज्यांचा नफा आहे त्यांनीच ती सांगावी, हे जरा अती होते.

बरे, हा प्रश्न उत्तर देणाऱ्यांच्या मजुरीपुरता असता तर एका छोट्या अन्यायाची नोंद म्हणून तो सोडून देता आला असता. पण नकार फुकट ठेवल्याने उत्तरेही बिघडतात. दहा वेळा बाद झालेला माणूस अकराव्या वेळी शहाणा होतो. गाडी घेतली का? हो. मधुमेह आहे का? हो. कंपनीत खरेदीचे निर्णय तुम्ही घेता का? अर्थात. त्याला बेइमान म्हणण्याआधी पाहावे की खरे बोलल्याबद्दल त्याला प्रत्येक वेळी दंड झालेला आहे. पद्धतच त्याला ‘हो’ म्हणायला शिकवते.

याचे सर्वांत गमतीदार उदाहरण प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेचे. 2022च्या फेब्रुवारीत त्यांनी मनाला येईल त्याने नाव नोंदवावे अशा धर्तीच्या पॅनेलवर एक प्रश्न मुद्दाम घुसवला: अणुपाणबुडी चालवण्याचा परवाना तुमच्याकडे आहे का? तिशीच्या आतल्या उत्तरदात्यांपैकी 12 टक्के म्हणाले, आहे. अमेरिकी नौदलाला एवढे खलाशी मिळाले असते तर ते हरखून गेले असते. गंमत तिथेच संपते, कारण याच प्रकारच्या पॅनेलांवर बातम्या उभ्या राहतात. 2023च्या डिसेंबरमध्ये अशाच एका पाहणीच्या आधारे जगभर छापून आले की अमेरिकेतल्या तिशीच्या आतल्या दर पाचांपैकी एकाला ज्यूंचा नरसंहार थोतांड वाटतो. लोक हादरले, अग्रलेख झाले. पुढच्याच महिन्यात प्यूने तोच प्रश्न आपल्या पॅनेलला विचारला. त्यांची माणसे घरांच्या पत्त्यांतून चिठ्ठी टाकावी तशी निवडून, टपालाने बोलावलेली असतात. उत्तर आले 3 टक्के. वीस आणि तीन यांच्यात जे अंतर आहे त्यात एका पिढीची अब्रू गेली होती.

इथे कुणी म्हणेल की मग उत्तराला पैसे देणेच चूक आहे. पैसे आले की खोटे आले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली, जिचे खंड 1945 आणि 1952 साली निघाले, किंवा संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या पुढाकाराने 1950मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी, त्यांचा पाया मजुरीवर घेतलेल्या उत्तरांचा नव्हता. तरी त्या आकड्यांवर धोरणे आखली गेली. हा आक्षेप वजनदार आहे, पण नेमका नाही. त्या पाहण्यांत दारात आलेल्या माणसाला घर आधी ठरवून दिलेले असे. घराने स्वतःहून उत्तर विकायला यायचे नव्हते. आणि प्यूच्या ज्या पॅनेलने 3 टक्के हे उत्तर दिले त्या पॅनेलला पैसे मिळतात, एका सर्वेक्षणाला पाच ते वीस डॉलर. ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हते त्यांना संस्थेने ते पुरवले होते. म्हणजे पैशाने उत्तर नासत नाही. ‘आम्हाला हवा तसा तू असशील तरच पैसे’ या अटीने नासते.

अटीवर दिलेला पैसा उत्तर कसे वाकवू शकतो याचे एक कथित उदाहरण मुंबईतही पुढे आले. टीव्ही कोण काय पाहतो हे मोजण्यासाठी काही निवडक घरांत यंत्रे बसवलेली असतात. त्यातल्या काही घरांना ठरावीक वाहिनी चालू ठेवण्यासाठी महिन्याला चारपाचशे रुपये दिले जात होते, असा आरोप 2020मध्ये मुंबई पोलिसांनी केला. पुढे राज्य सरकारने तो खटला मागे घेतला, त्यामुळे आरोपाच्या खरेखोटेपणाबद्दल बोलण्यात अर्थ नाही. पण तो ऐकून कुणाला नवल वाटले नाही, हे लक्षात राहण्यासारखे.

आता फसवणुकीकडे. ती शेवटी घेतो, कारण या विषयावर बोलताना लोक तिथून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. 2010-11मध्ये स्पीक एशिया ऑनलाइन या सिंगापूरच्या कंपनीने देशभर धुमाकूळ घातला. 11,000 रुपये भरून वर्षाचे सभासद व्हायचे, आठवड्याला दोन सर्वेक्षणे भरायची, एकाचे 500 रुपये. आठवड्याला हजार, वर्षाला 52,000. नवे सभासद आणले तर कमिशन निराळे. प्रश्नावल्या ज्यांच्यासाठी म्हणून सांगितल्या जात, त्या बड्या कंपन्यांनी आपला संबंध नाकारला. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेच्या तपासात सुमारे 24 लाख लोक आणि दोन हजार कोटींहून जास्त रक्कम, असे आकडे पुढे आले. आणि पैसे अडकलेल्यांतल्या अनेकांनी कंपनीचीच बाजू घेतली; त्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली.

या लोकांना लोभी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. मला त्यांचा अनुभव वेगळा वाटतो. चिट फंडात किंवा लॉटरीत पैसे घालायला जो संकोच करेल असा मध्यमवर्गीय माणूसही इथे ओढला गेला, कारण इथे काम होते. आठवड्यातून दोनदा बसून प्रश्न वाचायचे, खुणा करायच्या, ‘सबमिट’ दाबायचे. आपण व्याज खात नाही, मेहनताना घेतो आहोत, ही भावना त्या दोन प्रश्नावल्यांनी दिली. पॉन्झी योजनेवर घामाचा मुलामा चढवला गेला होता. आणि तो चढू शकला, कारण खऱ्या सर्वेक्षणाचा खरा भाव काय असतो हे कुणालाच ठाऊक नव्हते. मताला बाजारात पाच-दहा रुपये मिळतात हे माहीत असलेला माणूस पाचशेचा आकडा ऐकून थबकला असता.

ते अज्ञान अजून तसेच आहे, फक्त खेळ वेगवान झाला. आता टेलिग्रामवर निरोप येतो: यूट्यूबवर तीन व्हिडिओंना लाइक द्या, हॉटेलांना तारे द्या, दीडशे रुपये घ्या. ते दीडशे खरोखर येतात. मग ‘प्रीपेड टास्क’: आधी हजार भरा, तेराशे परत. तेही येतात. मग पाच हजार, पन्नास हजार. पडद्यावर शिल्लक फुगत जाते. काढायला गेले की आधी कर भरा, मग दंड भरा. 2023च्या डिसेंबरमध्ये केंद्राने अशा गुंतवणूक व अर्धवेळ कामाच्या शंभराहून अधिक संकेतस्थळांवर बंदी घातली. नवी उघडायला वेळ लागत नाही. फसल्याचे लक्षात येताच 1930 या क्रमांकावर कळवले तर पैसा पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवण्याची आशा असते. ओळखायची खूण एकच पुरते: प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर देणाऱ्याला पैसे द्यायचे असतात, आणि ते उलटे वाहू लागले की तिथे प्रश्नही नाही आणि काम तर नाहीच. पण निव्वळ सावधगिरीचे फलक लावून हे थांबेल असे मला वाटत नाही. प्रामाणिक पॅनेलांनी ताशी खरी कमाई किती पडते, किती जण बाद होतात, हे दडवून ठेवले आहे. ‘घरबसल्या भरपूर’ या थापेला तिथे मोकळी जागा मिळते.

काय करता येईल? मोठ्या क्रांतीची गरज नाही. बिडीच्या नियमातली अर्ध्या दराची कल्पना उचलावी: गाळणीच्या प्रश्नांना जितकी मिनिटे लागली त्यांचे पैसे द्यावेत, माणूस पात्र ठरो वा न ठरो. प्रोलिफिकसारखे एखादे व्यासपीठ ताशी किमान दर ठरवून देते; तेव्हा हे धंद्यात अशक्य नाही. वय-शिक्षण-गाव एकदा विचारले की पुन्हा विचारू नये. आणि पॅनेलने आपल्या जाहिरातीशेजारी आपले बाद होण्याचे प्रमाण छापावे. कायद्याचा आधार शोधायचा तर तो पुसट आहे. 1966चा बिडी कायदा आता नव्या श्रमसंहितेत सामावला. सामाजिक सुरक्षेच्या संहितेत गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या आहे, पण तिच्या यादीत टॅक्सी, खाद्यपदार्थ, मालवाहतूक, आरोग्यसेवा अशी नावे. सर्वेक्षण भरणाऱ्याला शेवटच्या ‘इतर’मध्ये जागा मिळाली तर मिळाली. घरून काम करणाऱ्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1996चा करारही भारताने मान्य केलेला नाही. त्यामुळे खरा दबाव येऊ शकतो तो आकडे विकत घेणाऱ्यांकडून. यात कंपन्या आहेत, विद्यापीठे आहेत, वर्तमानपत्रे आहेत. त्यांनी पैसे देताना एवढे विचारावे की 500 उत्तरांसाठी किती जणांना परत पाठवले आणि त्यांना काय दिले.

याने सर्वेक्षणे महागतील, हे उघड आहे. मोटार कंपनीला त्याच पैशांत 500ऐवजी कदाचित 300च लोकांना विचारता येईल. पॅनेलवरची कामे कमी होतील, ‘फावल्या वेळात’ फोन घेऊन बसणाऱ्यांना आठवड्याला दहाऐवजी तीन सर्वेक्षणे मिळतील. त्यांचे पैसे मात्र जवळपास तेवढेच राहतील आणि वेळ वाचेल, कारण जी सात गेली ती तशीही बाद होण्यातच जात होती. ज्या कंपनीला एवढाही खर्च जड वाटतो तिने आपली माणसे शोरूमच्या दाराशी उभी करावीत. तिथून किल्ली घेऊन बाहेर पडणारा प्रत्येक जण पात्र असतो.